टेराहर्ट्झ आपल्या लाईनवर आणायचंय? आधी ते नाकारून बघा

कंपनीची बस इंदूरच्या राजेंद्र नगरहून सुटली की राऊ येईपर्यंत अर्धी बस झोपलेली आणि उरलेली अर्धी मोबाईलवर. त्या दिवशी शेजारच्या सीटवरच्या एका क्यूएवाल्याने (दुसऱ्या कंपनीत क्वालिटी बघतो तो) मला हलवून विचारलं, "अरे ते टेराहर्ट्झ म्हणतात ते काय प्रकरण आहे? आमच्या एमडींनी जर्मनीत एक्झिबिशनमधे बघितलं आणि आता म्हणतायत बंपरच्या पेंटला लावू." मी म्हटलं लागेलही, पण तू आधी ते न लागण्याची सगळी कारणं शोध, एकही सापडलं नाही तर घे. त्याला वाटलं मी टाळतोय. टाळत नव्हतो, माझी पद्धतच ती आहे, आणि बसमधे वीस मिनिटांत ती सांगून होत नाही म्हणून इथे बसून लिहितोय. पीथमपूरला मेजरिंग इन्स्ट्रुमेंट लाईनवर बसवण्याचंच काम करतो मी, त्यामुळे फिजिक्स कमी आणि फजिती जास्त सांगेन.

आधी दोन मिनिटं, हे आहे काय

साधारण ०.१ ते १० टेराहर्ट्झ हा पट्टा. खाली रडार-मायक्रोवेव्ह, वर इन्फ्रारेड, मधे हा. १ टेराहर्ट्झला लहरीची लांबी ०.३ मिमी, म्हणजे बारीक रव्याच्या दाण्याएवढी समजा. आपल्याकडे जगदीशचंद्र बोसांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात ५ मिमीच्या लहरींवर प्रयोग करून दाखवले होते, या पट्ट्याच्या अगदी उंबऱ्यावर. पण कारखान्यात वापरता येईल असं काही हाती यायला फेम्टोसेकंद लेझर (अतिशय छोटे पल्स देणारे) यावे लागले. १९९५ मधे अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधे पानाची आणि आयसीच्या (इलेक्ट्रॉनिक चिपच्या) पॅकेजची आरपार चित्रं काढली गेली, आणि २००३ च्या कोलंबिया यानाच्या अपघातानंतर स्पेस शटलच्या टाकीवरचा फोम तपासायला हे वापरलं गेलं, तिथून इंडस्ट्रीचं लक्ष गेलं.

प्लास्टिक, कागद, सुकलेला पेंट, कोरडी पावडर, फोम यातून ही लहर पार होते. मेटलवर आपटून परत येते. पाण्यात मरते. एवढी तीन वाक्यं पाठ करा, अर्धं काम झालं.

जाडी कशी मोजतात? लहानपणी बावडीत दगड टाकून 'डुबुक' कधी येतंय ते मोजायचो ना, तसंच. एक अगदी छोटा पल्स, साधारण एका पिकोसेकंदाच्या (सेकंदाचा लाख कोटीवा भाग) आसपासचा, पेंटवर मारायचा. वरच्या पृष्ठभागावरून एक इको येतो, आतल्या प्रत्येक थराच्या सीमेवरून एकेक येतो, दोन इकोंमधला वेळ म्हणजे त्या थराची जाडी. फक्त आत गेल्यावर लहर हळू होते, किती हळू ते त्या मटेरियलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स सांगतो. हिशोब असा: वेळ गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले इंडेक्सच्या दुप्पट. इंडेक्स १.५ असेल आणि इकोंमधे १ पिकोसेकंदाचं अंतर असेल तर जाडी १०० मायक्रॉन. हे गणित लक्षात ठेवा, पुढे व्हेंडरच्या डेमोत तोंडी करता आलं की समोरचा जरा सावरून बोलतो.

आणि हो, बायकोने विचारलं होतं म्हणून सांगतो, हा एक्सरे नाही. १ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा ४ मिली इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, पॉवर मायक्रोवॉटमधे, शरीराला आयनायझिंग असं काही नाही. त्यामुळे बीटा गेजसारखं (किरणोत्सारी सोर्सने मोजणारं यंत्र) एईआरबीचं, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स, सोर्स, आरएसओ (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर), ते सगळं लागत नाही. आतल्या लेझरची मात्र सेफ्टी क्लास बघून घ्या, कव्हर उघडून डोकं घालणारे मेंटेनन्सवाले आपल्याकडे कमी नाहीत.

पहिलं काम: एका वाक्यात प्रश्न लिहा

कोणता आकडा हवा, कोणत्या जागी, किती टॉलरन्समधे, किती वेळाने, आणि तो आकडा चुकीचा आला तर लाईनवर कोण काय करणार. शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी लिहीत नाही. 'क्वालिटी सुधारायची आहे' हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली.

चांगला प्रश्न कसा असतो बघा. ११० मिमी बाहेरच्या व्यासाचा एचडीपीई प्लास्टिकचा पाईप, भिंत कमीतकमी १० मिमी हवी. स्टँडर्ड किमान जाडी मागतं म्हणून ऑपरेटर भीतीपोटी १०.३ वर चालवतो. आता वजन काढा, ०.३ मिमी जास्त म्हणजे सुमारे पावणेतीन टक्के माल फुकट. लाईन तासाला ४०० किलो काढत असेल तर तासाला १० किलोच्या वर, वीस तास चालली तर दिवसाला दोनशे किलो प्लास्टिकचा दाणा तुम्ही ग्राहकाला गिफ्ट देताय. इथे प्रश्न स्पष्ट आहे, चारी बाजूंची भिंत डायजवळच (पाईप ज्यातून बाहेर पडतो तो साचा) गरम असतानाच कळली तर हॉल-ऑफचा (पाईप ओढणाऱ्या यंत्राचा) स्पीड आणि डायचं सेंटरिंग लगेच बदलता येईल. हा आकडा घेऊन मालकाकडे गेलात तर तो खुर्ची पुढे ओढतो.

दुसरं काम: स्वस्तातल्या गोष्टीने मारायचा प्रयत्न करा

मी प्रत्येक केसमधे हे करतो आणि दहातल्या बऱ्याच केस इथेच संपतात, व्हेंडर लोकांना मी म्हणूनच आवडत नाही.

स्टीलच्या पत्र्यावर एकूण पेंटची जाडी हवी? मॅग्नेटिक गेज खिशात मावतं, ते घ्या. ॲल्युमिनियम असेल तर एडी करंट गेज. या दोन्हीत थरांची वेगवेगळी जाडी मिळत नाही, एकूण मिळते, पण तुम्हाला एकूणच हवी असेल तर विषय संपला. प्लास्टिकवर पेंट असेल तर ही दोन्ही आंधळी. तिथे अल्ट्रासोनिक गेज चालतं, पण जेल लावावं लागतं, हात लावावा लागतो, आणि ओल्या किंवा गरम पार्टवर चालत नाही. पारदर्शक कोटिंग असेल तर ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी (प्रकाशाने आतले थर बघणारी पद्धत) बारीक जाडी फार छान मोजते, पण रंगीत पिगमेंट आला की तिची नजर संपते. पाईपचा फक्त बाहेरचा व्यास हवा तर लेझर मायक्रोमीटर. पातळ फिल्मचं एकूण वजन हवं तर बीटा गेज, लायसन्सची तयारी असेल तर.

मग उरतं काय? पेंटचे तीन-चार थर वेगवेगळे, हात न लावता, प्लास्टिकवर किंवा कार्बन फायबरवर. मल्टिलेयर पाईप. टॅब्लेटचं जाड कोटिंग. फोमच्या आतला पोकळपणा किंवा चिकटवलेला थर सुटलेली जागा. आयसी पॅकेजमधली तुटलेली बारीक तार. तुमचा प्रश्न यातला असेल तरच पुढे वाचा, नाहीतर इथेच थांबून इंदूरच्या छप्पन दुकानला जा, पोहे खा, पैसे वाचले.

(कार्बन फायबरबद्दल एक, तो कंडक्टिव असल्याने लहर त्याच्या आत जात नाही, पण त्याच्यावरचा पेंट मोजायला तो चांगला आरसा होतो. ग्लास फायबरमधे उलट, आत शिरते. एकाच पार्टमधे दोन्ही असतील तर दोन रेसिपी, म्हणजे मशीनची दोन सेटिंग लागतील.)

तिसरं: मटेरियल पाण्याच्या आणि मेटलच्या कसोटीवर

पाण्याचं किती वाईट आहे? १ टेराहर्ट्झला द्रव पाण्याचा अर्धा मिमी थर म्हणजे भिंतच. ओला ग्रॅन्युल, ताजा वॉटर-बेस्ड पेंट, घामेजलेला पाईप, कूलिंग टँकमधून थेंब घेऊन येणारी फिल्म, सगळीकडे हा प्रश्न येतो. ओला पेंट अशक्य असं नाही, सॉल्व्हंटवाला त्यातल्या त्यात बरा, पण ते मोजमाप वेगळ्या तयारीचं असतं, पहिल्या प्रोजेक्टला ते घेऊ नका.

मेटल फॉइल असलेलं गोळ्यांचं ब्लिस्टर पॅक किंवा ॲल्युमिनियम लॅमिनेट असेल तर आतलं काही दिसणार नाही, विषय बंद. कार्बन ब्लॅक मधली गोष्ट. पाण्याच्या काळ्या एचडीपीई पाईपमधे तो दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास असतो, त्याने लहर थोडी शोषली जाते आणि इंडेक्सही सरकतो, म्हणून नॅचरल दाण्यावर केलेलं कॅलिब्रेशन काळ्या पाईपला चालत नाही.

दाणेदारपणाही बघा. दाण्याचा आकार लहरीच्या लांबीएवढा झाला की वरच्या फ्रिक्वेन्सीला सगळं विखुरतं. जाड पावडर, मोठ्या सेलचा फोम, खडबडीत टॅब्लेट. तिथे वरचा बँड सोडून द्यावा लागतो, आणि वरचा बँड सोडला की बारीक जाडी दिसत नाही. फुकट काहीच नाही.

चौथं: सॅम्पल पाठवणं, ही एक कला आहे

इथे लोक सगळ्यात आळशीपणा करतात. एक डबा भरून चांगले पार्ट व्हेंडरला कुरिअर करतात, तिकडून रंगीत चित्रांचा सुंदर रिपोर्ट येतो, सगळे खुश. अरे बाबा, चांगले पार्ट चांगलेच दिसणार, यात तपासलं काय?

असं करा. तीस-एक पार्ट घ्या. त्यात मुद्दाम जाड, मुद्दाम पातळ, एक थर नसलेले, आणि क्वालिटीच्या रिजेक्ट बिनमधले खरे खराब असे मिसळा. नंबरऐवजी कोड टाका, कोड कोणता कशाचा ते फक्त तुमच्या वहीत. चार-पाच पार्ट दोनदा पाठवा, वेगळ्या कोडने, व्हेंडरला न सांगता. जिथे मोजायचं तिथे मार्कर पेनने नाही, कोपऱ्यात खूण करा, शाईचाही थर असतो. रिपोर्ट आला की ते पार्ट परत मागवा, त्याच जागी कापा, रेझिनमधे बसवून पॉलिश करा आणि मायक्रोस्कोपखाली जाडी मोजा. जुळलं तर जुळलं. दोनदा पाठवलेल्या पार्टचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत तर पुढे जाऊच नका, लाईनवर त्याहून वाईट होणार आहे.

कापायची तयारी इथे होते, इंदूर-पीथमपूरला मेटलोग्राफीच्या लॅब आहेत. टेराहर्ट्झची पहिली तपासणी मात्र बहुतेकदा बाहेरच्या कंपन्यांकडे, टेराव्ह्यू केंब्रिजला, टॉप्टिका आणि मेनलो म्युनिकच्या आसपास, लूना अमेरिकेत. सगळे विचारतात, आपल्याकडे आरआरकॅट (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) आहे ना सुखनिवासला, तिथे फ्री इलेक्ट्रॉन लेझर आहे? आहे, आणि अभिमानाची गोष्ट आहे, पण तो १२.५ ते ५० मायक्रॉनच्या लहरींसाठी बांधलेला मोठा रिसर्चचा लेझर आहे, तुमचा बंपर घेऊन तिथे गेलात तर गेटवरचा सिक्युरिटीवाला म्हणेल, "भिया, किधर?"

पाचवं: मशीन कोणतं

ढोबळ दोन घराणी. एक टाइम-डोमेन, फेम्टोसेकंद लेझरवालं. पल्स छोटा, बँड रुंद, काही टेराहर्ट्झपर्यंत, म्हणून पातळ थर वेगळे दिसतात. चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या वरचे थर सरळ इकोने वेगळे कळतात, त्याखाली मॉडेल बसवून काढावे लागतात. महाग आणि नाजूक.

दुसरं इलेक्ट्रॉनिक, रडारसारखं, फ्रिक्वेन्सी सरकवत मोजणारं, साधारण ०.३ टेराहर्ट्झच्या खाली. दणकट, लेझर नाही, पाईपवाल्यांमधे हेच चालतं. पण बँड अरुंद. ४० गिगाहर्ट्झचा बँड असेल तर १.५ इंडेक्सच्या प्लास्टिकमधे दोन पृष्ठभाग स्वच्छ वेगळे दिसायला अडीच मिमी जाडी लागते. १० मिमी पाईपला मस्त, बंपरच्या पेंटला शून्य उपयोग. फेज वापरून एखाद्या पृष्ठभागाची जागा याहून खूप बारीक कळते, आणि ब्रोशरमधे तोच आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तेव्हा विचारा, हा आकडा जागेचा की दोन थर वेगळे करण्याचा?

टॅब्लेटवाल्यांसाठी वेगळं. पीथमपूरला फार्मा भरपूर म्हणून हे विचारणारेही भरपूर. कोटिंग पॅनच्या जाळीच्या भोकांतून पल्स मारून फिरणाऱ्या एकेका टॅब्लेटचं कोटिंग चालू बॅचमधे मोजल्याचं संशोधनात दाखवलं गेलंय, पॅनच्या सरासरी वजनवाढीपेक्षा हे कितीतरी जास्त सांगतं, कारण सरासरी बरोबर असूनही अर्ध्या गोळ्या उघड्या असू शकतात. पण नुसतं रंगासाठी दिलेलं वीस-तीस मायक्रॉनचं कोटिंग असेल तर सोडून द्या. एंटरिक (आतड्यात पोचल्यावर विरघळणारं) किंवा सस्टेन्ड रिलीज (औषध हळूहळू सोडणारं), जिथे जाडीवर औषध कधी सुटणार ते ठरतं, तिथेच हा खर्च शोभतो. आणि तिथे आयक्यू, ओक्यू, पीक्यू (मशीन नीट बसलं, चाललं आणि कामाला उतरलं याच्या लेखी तपासण्या), ऑडिट ट्रेल, सॉफ्टवेअर व्हॅलिडेशन, हे सगळं मशीनएवढंच काम आहे, मशीन ऑर्डर करण्याआधी क्यूएला बोलवा, नंतर बोलावलंत तर ते त्याचा बदला घेतात.

सहावं: इंडेक्स, म्हणजे खरी मेख

इथे जरा सावकाश वाचा, कारण माझ्या समोर जेवढी टेराहर्ट्झची भांडणं झाली त्यातली निम्मी इथली.

मशीन वेळ मोजतं, जाडी तुम्ही सांगितलेल्या इंडेक्सवरून काढतं. इंडेक्स चुकला की जाडी त्याच प्रमाणात चुकते, आणि मशीन मात्र तेवढ्याच आत्मविश्वासाने आकडा दाखवत राहतं, रिपिटेबिलिटी झकास, खरेपणा शून्य. समजा तुम्ही १.८० धरलाय आणि खरा १.९० आहे. ४० मायक्रॉनचा क्लिअर कोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) ४२.२ दिसेल. स्पेसिफिकेशन अधिक-उणे ३ असेल तर तुमची बरीचशी मोकळीक इथेच गेली.

एका प्लँटमधे, नाव नको, बेसकोटचा (रंगाच्या थराचा) आकडा एका सोमवारपासून अचानक वर गेला. दोन हप्ते सगळे मशीनला शिव्या देत होते. व्हेंडरच्या इंजिनियरला बोलावलं, त्याने लेझर तपासला, फायबर तपासला, काहीच नाही. शिफ्टचा ऑपरेटर म्हणाला, "साब, मशीन पगला गई है." शेवटी स्टोअरच्या रजिस्टरमधे सापडलं, पांढऱ्या बेसकोटचा सप्लायर बदलला होता, रंग तोच, शेड पास, पण टायटॅनियम डायऑक्साइडचं (पांढरा रंग देणाऱ्या पावडरचं) प्रमाण वेगळं. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या प्रकाराचा टेराहर्ट्झमधला इंडेक्स ९ च्या वर असतो, थोडा जास्त पडला की पेंटचा इंडेक्स सरकतोच. जाडी तीच होती, लहर जास्त हळू झाली होती. परचेसने कोणाला सांगितलं नव्हतं आणि सांगायला हवं हे परचेसला माहीत तरी कसं असणार.

म्हणून नियम करा. प्रत्येक रंग, प्रत्येक सप्लायर, प्रत्येक ग्रेडचं वेगळं कॅलिब्रेशन, आणि रंगाच्या सप्लायर बदलाच्या फॉर्मवर तुमची सही. मेटॅलिक बेसकोट तर स्वतंत्रच धरा, ॲल्युमिनियमच्या चकत्यांमुळे त्याचा इंडेक्स साध्या रंगापेक्षा खूप वेगळा येतो, चकत्या कशा आडव्या बसल्यात त्यावरही तो बदलतो.

इंडेक्स घरच्या घरी कसा काढायचा? पाईपच्या किंवा फिल्मच्या मटेरियलची सपाट पट्टी घ्या, मायक्रोमीटरने पाच जागी जाडी मोजा, मग आरपार पल्स मारा आणि पट्टी असताना-नसताना पल्स किती उशिरा आला ते बघा. उशीर गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले जाडी, अधिक एक. २ मिमीची पट्टी, ३.६ पिकोसेकंद उशीर, म्हणजे ०.३ गुणिले ३.६ भागिले २ अधिक १, बरोबर १.५४, एचडीपीईला हे शोभतं. टेफ्लॉनला १.४३ च्या आसपास येतं, ती एक पट्टी कायम ड्रॉवरमधे ठेवा, मशीनवर शंका आली की पहिली तीच मोजायची. पेंटसाठी हे जमत नाही, तिथे स्टीलच्या पत्र्यावर एकेकच थर मारून सुकवायचा, मॅग्नेटिक गेजने त्याची जाडी घ्यायची आणि त्यावरून इंडेक्स काढायचा. कंटाळवाणं काम आहे. करा.

गरम पाईपचं अजून एक, गरम असताना प्लास्टिकची घनता कमी म्हणजे इंडेक्सही कमी, आणि थंड झाल्यावर भिंत आकसते. डायजवळचा आकडा आणि क्यूए लॅबचा आकडा सारखा येणारच नाही, त्यातला नेहमीचा फरक ठरवून घ्या, नाहीतर दोन डिपार्टमेंट रोज भांडणार.

सातवं: बसवणं, आणि मालव्यातला पावसाळा

हवेतली वाफही शोषते. ०.५५७ टेराहर्ट्झला तिची एक ठळक रेषा आहे, वर ०.७५२ ला आणि पुढे अजून. एका अर्थी फुकटचं कॅलिब्रेशन, या रेषा जागेवर दिसल्या की फ्रिक्वेन्सीचा अक्ष बरोबर आहे. पण सिग्नलमधे त्या लांब शेपटीसारखी गडबड करतात आणि कमजोर इको त्यात लपतो. इलाज म्हणजे सेन्सरच्या मार्गात कोरडी हवा सोडणे आणि सेन्सर ते पार्ट अंतर होईल तेवढं कमी ठेवणे.

कोरडी हवा म्हणजे खरोखर कोरडी. एका ठिकाणी आम्ही प्लँटच्या कॉम्प्रेसरची लाईनच जोडली, एप्रिलमधे ट्रायल केली, सगळं सुंदर, सही-शिक्का झाला. जुलैत पहिला मोठा पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवसापासून बेसलाईन (सिग्नलची मूळ रेषा) डोलायला लागली. ड्रायरचं डेसिकंट (ओलावा शोषणारे दाणे) कधीचं संपलं होतं, आम्ही मशीनवर सगळीकडून कोरडी म्हणून ओली हवा फुंकत होतो. चूक आमचीच. तेव्हापासून माझी अट, स्वतःचा छोटा ड्रायर आणि त्याच्या पुढे ड्यू-पॉइंट मीटर (हवेतला ओलावा दाखवणारं), त्याचा अलार्म पीएलसीला (लाईन चालवणाऱ्या कंट्रोलरला). आणि ट्रायल एप्रिल-मेमधे संपवायची नाही, ऑगस्टचा एक हप्ता त्यात हवाच, व्हेंडर कितीही घाई करो.

हलणं. परावर्तन घेताना पार्ट १० मायक्रॉन पुढे-मागे झाला तरी इको सरकतो, पण सगळे इको एकत्र सरकतात म्हणून जाडीला फारसा धोका नाही. एकाच मापात सरासरी चालू असताना हललं तर मात्र सगळं फिसकटून जातं. कोन जास्त त्रास देतो, पृष्ठभाग थोडा तिरका झाला की परत येणारी लहर डिटेक्टरच्या बाजूने निघून जाते आणि सिग्नल पडतो. बंपरसारख्या वळणदार पार्टला रोबो लागतो किंवा मोजायच्या जागा मुळातच सपाट भागावर घ्याव्या लागतात. मी दुसरं सुचवतो, रोबो नंतर कधीही घेता येतो.

फायबरची केबल रोबोच्या हातावर वाकते, तिचा कमीतकमी वाकण्याचा घेर व्हेंडरला लेखी मागा आणि एक स्पेअर केबल पहिल्याच ऑर्डरमधे घ्या. तिकडून केबल येईपर्यंत कस्टम वगैरे धरून किती दिवस जातात ते कोणाही स्टोअरवाल्याला विचारा. यूपीएस वेगळा. लेझरच्या रॅकला पेंट शॉपच्या बाहेर, एसी असलेल्या खोलीत ठेवा, आत फक्त हेड, आणि पेंट बूथच्या आत हेड न्यायचं असेल तर ज्वलनशील वाफेच्या झोनचं सर्टिफिकेट ऑर्डर देण्याआधी बघा. हे शेवटचं विसरून अख्खं मशीन सहा महिने पॅक पडलेलं मी बघितलंय.

आठवं: एमएसए (मोजमाप किती भरवशाचं याची तपासणी) करा, आणि नीट करा

नेहमीची पद्धत, दहा पार्ट, तीन ऑपरेटर, प्रत्येकी तीनदा. एकूण व्हेरिएशनच्या १० टक्क्यांखाली उत्तम, १० ते ३० मधे विचार करून, ३० च्या वर नापास. पण ऑटोमॅटिक मशीनमधे ऑपरेटर फक्त बटण दाबतो, त्याचं व्हेरिएशन शून्यच येणार आणि रिपोर्ट खोटा-खोटा गोड दिसणार. ऑपरेटरच्या जागी 'दिवस' घ्या, किंवा 'रेफरन्स घेतल्यानंतर', किंवा 'रंग बदलून परत आल्यावर'. मशीन खरं तिथे हलतं. पार्ट पण पूर्ण रेंजचे घ्या, सगळे मधलेच घेतले तर चांगलं मशीनही नापास होईल.

खरेपणा वेगळा तपासा, कापून, आधी सांगितलं तसं, आणि दर तीन महिन्यांनी दोन-चार पार्ट परत कापा.

नववं: आकडा कोणाच्या डोळ्यासमोर जातो

सुरुवातीचे दोन-तीन महिने लाईन आपोआप थांबवायची नाही. फक्त दाखवा आणि लिहून ठेवा. ऑपरेटरला वेव्हफॉर्म (परत आलेल्या सिग्नलचा आलेख) दाखवू नका, त्याला लाल-पिवळं-हिरवं आणि चार आकडे पुरे. वेव्हफॉर्म मात्र प्रत्येक मापाचा साठवा, कारण सहा महिन्यांनी तक्रार आली तर आकडा बदलता येत नाही पण वेव्हफॉर्मवर नवा इंडेक्स लावून जाडी परत काढता येते. या एका गोष्टीने आम्हाला एकदा अख्खी बॅच परत बोलावण्यापासून वाचवलं. डेटा कोणत्या फॉरमॅटमधे मिळेल, तुमचं सॉफ्टवेअर तो उघडू शकेल का, हे पीओमधे (परचेस ऑर्डरमधे) लिहून घ्या, "हो हो, देऊ" या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पीएलसीशी बोलणं ओपीसी यूएने (मशीनांच्या सामाईक भाषेने) असेल तर बरं, नंतर स्काडा (प्लँटवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) बदलला तरी चालतं.

'सिग्नल कमी' आणि 'जाडी कमी' हे दोन वेगळे अलार्म ठेवा. एकच ठेवलात तर लेन्सवर पेंटचा शिंतोडा उडाला की ऑपरेटर गनचा फ्लो वाढवेल, आणि मग खरोखर जाड माल निघेल.

पैशाचं बोलायचं तर टाइम-डोमेनवालं मशीन खिशातल्या गेजच्या किमतीच्या जवळपासही नाही, त्यामुळे पेमेंटचा मोठा हिस्सा तुमच्या प्लँटमधे, तुमच्या पार्टवर, तुमच्या एमएसएनंतर द्यायचा असं ठरवा. तिकडच्या फॅक्टरीतली ट्रायल पास म्हणजे पास नाही. लेझरचं आयुष्य, अँटेनाचं आयुष्य, सर्व्हिसला कोण येणार आणि तो भारतात बसतो की विमानाने येतो, हे सगळं सही करण्याआधी.

बसमधल्या त्या मित्राचं पुढे काय झालं विचाराल. त्याचे बंपर तीन थरांचे, प्लास्टिकवर, सध्या तो हुकच्या शेजारी स्टीलची पट्टी टांगून तिच्यावरची जाडी मोजतो आणि बंपरवरही तेवढीच असेल असं धरतो. प्रश्न खरा आहे, स्वस्तातलं काही तिथे चालत नाही, पार्ट सुकलेला मिळतो. तीनही कसोट्यांवर मला नाही म्हणायचं कारण सापडलं नाही. आता तो एकतीस बंपरचे तुकडे कापून कोड टाकत बसलाय, आणि कोडची वही घरी विसरून आला म्हणून काल राऊपर्यंत माझं डोकं खात होता.